वर्षाचा मसाला

वहिनी,

तू गेल्याला आज सतरा दिवस झाले, तरी दुपारी सव्वातीन वाजले की माझ्या छातीत धडधडायला लागतं. लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर यायची ती वेळ होती. रे रोडच्या वखारीत ओंडक्यांच्या मधे मी उभा असायचो आणि खिशातला फोन थरथरायचा. गिऱ्हाईक समोर असलं तरी मी फोन काढून बाजूला जायचो, लांबून बघायचो आणि डोळे मिटायचो. आता त्या लॅबचा मेसेज यायचा नाही हे मला कळतं, पण छातीला कळत नाही. कालही सव्वातीनला मी हातातली हातोडी खाली ठेवून उभा राहिलो. मालक म्हणाला, "काय झालं रे?" मी म्हटलं, काही नाही, चक्कर आल्यासारखं वाटलं.

तेराव्याला खूप लोक आले. मसाला गल्लीतल्या बायका आल्या, घोडपदेवच्या आपल्या चाळीतले तिन्ही मजले आले. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि जे बोलले ते खरंच होतं. तीस वर्षं लोकांच्या मिरच्या आणि धणे भाजलेस, कोणाचा घाणा करपवला नाहीस. कोणाची सून नवीन असेल तर तिला बाजूला घेऊन त्रिफळ किती घालायचं ते शिकवलंस. मी मान हलवत होतो. मनात मात्र एकच चाललं होतं: यांच्यातलं कोणी मला विचारेल का, की ऑपरेशनचं कोणी ठरवलं? कोणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगतो, आणि जिला सांगायला हवं होतं तिलाच सांगतो.

तुला आठवत असेल, मी गावाहून आलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि तुझ्या हातावरची हळद उतरली नव्हती. आई गेली म्हणून दादा मला घेऊन आला. एका खोलीत नवरा-नवरी आणि मधे मी. मी जड होतोय असं तू कधी वाटू दिलं नाहीस. रागावलीस की "भावजी" म्हणायचीस, एरवी "बाबू". दहावीनंतर मी वखारीत चिकटलो तेव्हा तूच मला रात्रीच्या कॉलेजात घातलंस. "इंग्रजी शिक मेल्या," म्हणालीस, "आमका कोण तरी होयो, सायबाशी बोलूक." मी शिकलो. साहेबाशी बोलायची वेळ आली ती परळच्या हॉस्पिटलात, आणि तिथे त्या इंग्रजीचं मी काय केलं ते पुढे येईलच.

डिसेंबरात तुझं पोट फुगलं. आधी तू गॅस म्हणालीस, मग वय म्हणालीस. मग साडीची गाठ बसेना. पोटातलं पाणी काढलं, तपासलं, आणि बीजकोशाचा कॅन्सर पोटभर पसरलाय असं कळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी केमोचे तीन डोस देऊ, मग बघू ऑपरेशन जमतं का. त्या "मग बघू" मध्ये आपण चौघं, तू, दादा, मी आणि तुमची लेक सायली, तीन महिने राहिलो. दर एकवीस दिवसांनी डोस, त्याआधी रक्त, रक्तात तो मार्कर, कॅन्सर किती आहे त्याचा आकडा. मार्कर उतरला की दादा हॉटेलातून इडल्या आणायचा. तू त्यातली अर्धी खायचीस आणि उरलेली त्याच्या ताटात सरकवायचीस.

दादाला गावच्या देवाला कौल लावायचा होता. गुरवाला फोन करून देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर नाही. मी त्याच्यावर ओरडलो. एवढं मोठं हॉस्पिटल, मशिनं, शिकलेली माणसं, आणि तू पाकळ्या मोजतोस? तू गादीवर पडून होतीस, डोक्याला रुमाल बांधलेला. हसलीस.

"कशाक भांडतास? देवाचो कौल उजवो नायतर डावो. तुझ्या डॉक्टरणीचो कौल आकड्यात. आतला दोघांकय दिसना नाय."

मी म्हटलं, "वहिनी, सायन्स आहे ते."

"असांदे. माका एकदा गावाक जाऊन येऊंदे, मगे कायता करा. अनंताक बघूचा हा."

तेव्हा मी गप्प बसलो, कारण अनंताचं नाव निघालं की मला गप्प बसावं लागतं. तुझ्या भावाशी तू अकरा वर्षं बोलत नव्हतीस आणि त्याला कारण मी होतो.

वखारीतल्या आमच्या कामाची एक रीत आहे. गिऱ्हाईक ओंडक्यावर हात ठेवून विचारतो, आतून कसा? आम्ही हातोडीच्या पाठीने ठोकतो, कान लावतो आणि सांगतो, "एकदम भरीव, शेठ." खरं म्हणजे आवाजावरून नुसता अंदाज येतो. पण "बहुतेक भरीव असेल" असं कोणी म्हणत नाही. बहुतेक म्हटलेला ओंडका विकला जात नाही. आणि एकदा करवत लागली की माल परत घ्यायचा नाही, हीही रीत. इतक्या वर्षांत माझ्या जिभेवरून "बहुतेक" निघून गेलं. कोणी काही विचारलं की मी खात्रीनेच सांगतो.

तुझ्या माहेरी मागल्या दारी फणस होता, तुझ्या आईने लावलेला. अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात आपण सगळे गेलो होतो. अनंता म्हणाला, झाड घराकडे झुकलंय, बघ जरा. मी चार माणसांसमोर फुशारकीने दोन ठिकाणी ठोकलं, कान लावला आणि सांगितलं, पोकळ आहे, पुढच्या पावसात घरावर येईल. त्याने झाड पाडलं. आतून भरीव निघालं, हळदीसारखं पिवळं. तू अनंताला म्हणालीस, "आवशीचा झाड तोडलंस," आणि तेव्हापासून बोलणं बंद केलंस. मी किती वेळा म्हटलं, वहिनी, चूक माझी, त्याची नाही. तू म्हणायचीस, "तू ठोकलंस. कुऱ्हाड त्येना घातल्यान." मला सांभाळायला तू सख्खा भाऊ तोडलास. हा वाद आपला कधी पुरा झाला नाही. तू गावाला जायचं म्हणालीस तेव्हा तो पुरा व्हायची वेळ आली होती.

आणि मग मार्चअखेरचा तो दिवस आला. डॉक्टरबाईंच्या खोलीत तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होतीस, मांडीवर फायलींची पिशवी. त्यांनी हिंदीत बोलायला सुरुवात केली. "देखिए, आप दोनों ध्यान से सुनिए."  तू हिंदी माझ्याइतकीच समजतेस. मी त्यांना इंग्रजीत म्हटलं, कृपा करून इंग्रजीत बोला, मी घरी गेल्यावर वहिनींना आमच्या भाषेत नीट समजावीन. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "शी शुड नो," असं म्हणाल्या. मी म्हटलं, हो, हो, मी सांगतोच.

मग त्या जे बोलल्या ते आज मराठीत लिहितो. सहा महिने उशिरा.

त्या म्हणाल्या, मार्कर उतरलाय, पण ज्या वेगाने उतरायला हवा होता त्या वेगाने नाही. त्या वेगावरून औषध आत किती लागू पडतंय याचा अंदाज येतो. सीटीत गाठी लहान दिसतात, ते चांगलं आहे. दोन्ही एकत्र धरून आम्ही ठरवायचा प्रयत्न करतो की पोट उघडल्यावर डोळ्यांना दिसणारं सगळं काढता येईल की नाही. सगळं निघालं तर ऑपरेशनचा खरा फायदा. मागे राहिलं तर एवढं मोठं ऑपरेशन सोसून हातात फार येत नाही. आतड्यांवर बारीक दाणे असतील तर ते सीटीत दिसत नाहीत. मी आकडा मागितला. त्या नको म्हणत होत्या, मी हट्ट धरला. शेवटी त्यांनी अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीमागे पेनने लिहिला. "हा आकडा अशा पुष्कळ बायकांचा आहे," त्या म्हणाल्या, "ह्यांचा नाही. ह्यांचं उघडल्यावरच कळेल."

तो आकडा मी इथे लिहीत नाही. तो चांगला नव्हता.

त्या पुढे म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. आता ऑपरेशन करून बघू, किंवा आणखी डोस देऊन मग ठरवू. दोन्हींत काही चुकीचं नाही. म्हणून त्यांना विचारा, त्यांना काय हवंय. त्यांना कुठे जायचं असेल, कोणाला भेटायचं असेल, तर आठ दिवस थांबलं तरी चालेल.

आठ दिवस, वहिनी. त्यांनी आपण होऊन दिले होते.

बाहेर आलो. पाण्याच्या कुलरपाशी तू विचारलंस, "काय म्हनता डॉक्टरीण?"

मी म्हटलं, "ऑपरेशन करायचं म्हणतात. लगेच. सगळं निघेल."

"सगळा?"

"एकदम."

वखारीतल्यासारखंच बोललो. तुझ्या प्रकृतीचा अंदाज मी गिऱ्हाइकाला ओंडका दाखवावा तसा दाखवला. मला वाटत होतं, आठ दिवस दिले तर आतला आजार त्या आठ दिवसांत वाढेल आणि दोष माझा होईल. मला वाटत होतं, आकडा मोठ्याने उच्चारला तर तो खरा होईल. दादाच्या पाकळ्यांवर ओरडणारा मी एका चिठ्ठीला घाबरून ती पाकिटात अशी दडवून बसलो की पैसे काढतानाही त्या कप्प्याला हात लावत नव्हतो.

"आणि गावाक?" तू विचारलंस.

"ऑपरेशननंतर जाऊ. आरामात. मी रजा काढतो."

तू "बरा" म्हणालीस. एवढंच. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

हॉस्पिटलात तुला कोणी फसवलं नाही, हे मला इथे लिहायलाच हवं. भरती व्हायच्या आधी त्या शिकाऊ डॉक्टर मुलीने फॉर्म मराठीत वाचून दाखवला. सगळं काढता न येण्याची शक्यता आहे, हे वाक्य तिने वाचलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी भिंतीवरचा पंखा बघत होतो. तू सही केलीस, तुझी ती लांबलचक सही, आडनावाला शेपटी असलेली.

पण सहीच्या आधी आणखी एक दिवस होता, आणि सगळ्यात जास्त मी त्या दिवसाला भितो. रविवार होता, सकाळ. गॅलरीत तू स्टुलावर बसली होतीस आणि सायली खाली पाय पसरून मिरच्यांसाठी सुपं झटकत होती. एप्रिल म्हणजे तुझा हंगाम. अख्ख्या गल्लीचा वर्षाचा मसाला त्या दिवसांत डंक्यावर कुटला जातो. आपल्या घरी दरवर्षी पाच किलो मिरची, माणशी सव्वा किलो, असं तुझं माप ठरलेलं. केमोमुळे तुला भाजणीचा वास सहन होत नव्हता. तुला, जिला वासावरून मिरची कुठली ते कळायचं. नाकाला ओढणी बांधून तू बसली होतीस.

मी बनियनवर दाढी करत होतो. तू सहज विचारल्यासारखं विचारलंस.

"बाबू, यंदा मसालो किती करू? वर्साचो की सा म्हयन्यांचो?"

माझ्या हातातलं ब्लेड थांबलं. आरशात तू दिसत होतीस. ओढणीच्या वरचे डोळे सरळ माझ्याकडे. मसाला हे निमित्त होतं, वहिनी, ते मला त्याच क्षणी कळलं. चिठ्ठीतला आकडाच तू मला विचारत होतीस. आयुष्यात कधी कोणी मसाला सहा महिन्यांचा करतं का? तू मला दार उघडून दिलं होतंस. मी नुसतं वळून तुझ्यापाशी बसायचं होतं.

मी आरशातच म्हटलं, "वर्षाचा कर की. विचारतेस काय?"

तू आरशातून नजर काढलीस. मग सायलीला म्हणालीस, "उद्या जाऊया गो मिरची आणूक."

दुसऱ्या दिवशी मालक "राहा घरी" म्हणाला होता, तरी मी मुद्दाम कामाला गेलो. तुला मसाला करताना बघायचं धाडस माझ्यात नव्हतं.

ऑपरेशनला सहा तास लागतील, जास्तही लागतील असं सांगितलं होतं. दादा, सायली आणि मी बाकावर बसलो होतो. अडीच तासांत दार उघडलं आणि आपलं नाव पुकारलं. दादा उठून उभा राहिला, चेहरा फुललेला. "बघ, लवकर झाला! लवकर झाला!" मी बाकावरच बसून राहिलो. लवकर म्हणजे काय ते त्या तिघांत फक्त मला माहीत होतं, किंवा तेव्हा मला तसं वाटत होतं. डॉक्टरबाई मास्क खाली करून हिंदीत बोलल्या. आतड्यांवर सगळीकडे रव्यासारखे दाणे. काढायला गेलं तर आतडंच राहणार नाही. जेवढं करता आलं तेवढं करून बंद केलं. दादा त्यांचे हात धरून थँक्यू थँक्यू म्हणत होता. त्याला काही कळलं नाही असं मला वाटलं. आणि मी त्यालाही नंतर समजावीन असंच म्हटलं.

तुला शुद्ध आल्यावर तू विचारलंस, "निघाला सगळा?"

"बरंचसं."

तू डोळे मिटून हसलीस. ओठ फाटलेले होते. "बरंचसा म्हणजे? घानो बरंचसो करपलो म्हनतत, तसा?"

मी बाहेर गेलो आणि जिन्यात बसलो.

साखरेमुळे तुझे टाके भरायला दीड महिना गेला. आंबे आले आणि गेले. पाऊस लागला. पुढचे डोस सुरू झाले, मग ते लागू पडेनासे झाले, मग दुसरे. तू गावाचं नाव पुन्हा काढलं नाहीस. मला हेच सगळ्यात भयंकर वाटायचं, की तू काढत का नाहीस. रोज संध्याकाळी वखारीतून येताना चाळीच्या जिन्याखाली मी उभा राहायचो आणि वरचे आवाज ऐकायचो. भांड्यांचा आवाज आला तर वर जायचो. कोणाचाच आवाज आला नाही तर पायरीवर बसून राहायचो.

ऑगस्टमध्ये एकदा तुझ्या पायांना तेल लावत होतो. तू म्हणालीस, "बाबू, तू माझ्याशी बोलनस नाय हल्ली."

मी म्हटलं, "बोलतो की."

"बोलतंस. पन सांगनस नाय."

तेव्हा मी सांगणार होतो. शपथ, जिभेवर आलं होतं. मार्कर, चिठ्ठी, आठ दिवस. तू वाट बघत होतीस, हे मला दिसत होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी कुकर बंद करायला उठलो. गॅस बंद करून मी तिथेच उभा राहिलो. कुकरची वाफ पूर्ण जाईपर्यंत. परत आलो तेव्हा तुझा डोळा लागला होता, किंवा तू तसं दाखवलंस.

बाराव्याला अनंता आला. तू आजारी असल्याचं माहेरी कोणाला कळवू दिलं नव्हतंस, "मी सोता जातलंय" म्हणून. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर पाट. फणसाचा, पिवळा, कडेला साधी नक्षी. तो मला म्हणाला, "तेव्हाच केलेलंय तिच्यासाठी. येतली म्हनान ठेवलेलंय. अकरा वर्सां कोणाक बसूक दिलंय नाय." मग त्याने मला जवळ घेतलं. मला. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिलो आणि एवढंच म्हणू शकलो की झाड भरीव होतं, मामा, मी चुकलो होतो. तो म्हणाला, "ता माका करवत लावल्याबरोबर कळला."

आता बुधवारचं सांगतो.

तेरावं झालं, आणि आपल्यात तिखटाचं जेवण करतात तो दिवस आला. दादा भाऊच्या धक्क्यावरून बांगडे घेऊन आला. सायलीचा रोजचा डबा रिकामा होता, म्हणून ती म्हणाली, "काका, माळ्यावरची बरणी काढ." ती मोठी बरणी तू कोणाला शिवू द्यायची नाहीस. ओला हात लागला की वर्षाचा मसाला गेला, म्हणायचीस. तू पडून असताना सायलीच त्यातून काढायची. मी स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी बरणी उचलली, आणि ती हलकी लागली.

वजनाचा अंदाज माझा चुकत नाही. तेवढा तरी नाही. म्हटलं, "सायली, मसाला कोणाला दिलास का?"

"नाही."

"मग एवढा कसा संपला? ऑक्टोबरात बरणी निम्मी तरी असते."

 बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर तुझी दरवर्षीची चिठ्ठी दोऱ्याने अडकवलेली होती. तुझं अक्षर. "मिरची पावणेचार."

मी म्हटलं, "पावणेचार? पाच ना?"

सायली ओट्याला टेकली. बांगड्याचे हात तसेच पुढे धरलेले. "मी तिला म्हटलं होतं, आई, पाच घे. ती म्हणाली, पावणेचार पुरे. डंक्यावरच्या मावशींनीपण विचारलं, दरवर्षी पाच असतात ना गो? तर आई म्हणाली, 'यंदा तिगांचोच.'"

"तिघांचाच?"

"सव्वा, सव्वा, सव्वा. बाबा, तू, मी." ती रडत नव्हती. "मी तुला सांगितलं नाही, काका. मला वाटलं तुला माहीत नाही. तू सारखा म्हणत होतास ना, सगळं निघेल, सगळं निघेल. मला भीती वाटली की मी सांगितलं तर तू मोडशील."

दादा मोरीपाशी बांगडे धूत होता. पाठमोराच म्हणाला, "माका पन ठाव होता. तिनाच सांगितल्यान. म्हनाली, बाबूक सांगू नको, तो भितलो हा."

म्हणजे चार माणसं एका खोलीत सहा महिने एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तू मला आरशात विचारलंस, माझं उत्तर ऐकलंस, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ते खरं करून ठेवलंस. वर्षाचा कर म्हटलं, तू वर्षाचाच केलास. फक्त स्वतःला वगळून.

त्या दिवशी बांगड्याचं तिखलं मला गिळवेना. सायली म्हणाली, "खा, तिच्या हातचं आहे." खाल्लं. त्रिफळाची चव आली आणि मला रडू आलं. मग पुन्हा वाढून घेतलं.

लोकांना वाटेल की हे कळल्यावर माझं ओझं उतरलं असेल. तिला ठाऊक होतं ना, मग झालं. नाही वहिनी, मला उलट जास्त भीती वाटते. तुला ठाऊक होतं आणि तरी तू त्या टेबलावर गेलीस. का? मी "एकदम" म्हणालो म्हणून? मला मोडू द्यायचं नाही म्हणून? की तुलाही थोडी आशा होती आणि मला ती कधी कळलीच नाही? तू माझ्यासाठी एकदा भाऊ तोडलास. ह्या वेळी माझ्यासाठी आठ दिवस सोडलेस का? हे मी कोणाला विचारू? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसं, उघडल्यावरच कळतं, आणि आता उघडायला कोणी नाही.

आणि हेही खरं की ऑपरेशन केलं नसतं तर तू जास्त जगली असतीस, असं मला म्हणता येत नाही. मी खात्रीने काहीही म्हणणं सोडून द्यायचं ठरवलंय. वखारीत परवा एकाला म्हटलं, बहुतेक भरीव आहे. मालकाने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नको. पण गिऱ्हाइकाने घेतला ओंडका.

तुला मी एवढं सगळं आजच का लिहितोय, तेही सांगतो. तुझा आजार रक्तातून लेकीकडे जाऊ शकतो असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. सायलीने तपासणीला रक्त दिलं. उद्या सकाळी साडेनऊला तिला रिपोर्टसाठी बोलावलंय. आज जेवताना ती म्हणाली, "काका, तू उद्या आत यायचं. बाबापण येणार. मी त्यांना हिंदीत बोलायला सांगणार आहे, सगळ्यांना कळेल असं. आणि तू काही बोलायचं नाही."

"एक शब्दही?"

"एकही नाही. फक्त बाजूला बस. मी घाबरले तर माझ्याकडे बघ. पंख्याकडे बघू नकोस."

तिला पंख्याचं तू सांगितलंस की तिने स्वतः पाहिलं होतं, मी विचारलं नाही.

पाकिटातली ती चिठ्ठी मी मघाशी काढून दादाच्या आणि तिच्या समोर ठेवली. दादाने चष्मा लावून आकडा वाचला.  मग घडी घालून त्याने ती अनंताच्या पाटाखाली ठेवली. सायली त्या पाटावर बसून उद्याची फाईल लावतेय. आतून रिपोर्ट काय येईल, मला ठाऊक नाही. 

गॅलरीत ते स्टूल अजून तसंच आहे, वहिनी. दाढी करताना आरशात दिसतं. त्या रविवारी तू विचारलंस, वर्साचो की सा म्हयन्यांचो, त्याचं उत्तर मला आज देता येतंय, म्हणून देतो.

मला माहीत नाही, वहिनी. मी खूप घाबरलोय. तू पिशवी भर, आपण आधी अनंताकडे जाऊन येऊ.